आईला ‘फायनल फँटसी टेन’ मराठीत सांगताना: प्रकल्प नोंदी

शनिवार, ८ जून २०२४

काम काय ते आधी लिहून ठेवते, म्हणजे मधेच सोडून द्यायची लाज वाटेल. ‘फायनल फँटसी टेन’ हा व्हिडिओ गेम आईबरोबर पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळायचा. लढाया आईनं लढायच्या, गोष्ट मी मराठीत सांगायची. मुदत गणपतीपर्यंत. यंदा चतुर्थी ७ सप्टेंबरला आहे आणि आई तीन-चार दिवस आधी गुहागरला जाते, ती गौरी-गणपती आटोपूनच डोंबिवलीला परत येते.

साधनं: सेकंडहँड घेतलेला पीएस फोर, खेळाची एचडी आवृत्ती, शंभर पानी वही.

मे महिन्यात याच मालिकेतला ‘सेव्हन’ लावून बघितला होता, तो फसला. त्यात प्रत्येक पात्रापुढे एक पट्टी भरत असते. पट्टी भरली की तुमची पाळी, पण तुम्ही विचार करत बसलात तर समोरचा थांबत नाही. सेटिंगमध्ये ‘वेट’ आहे, पण तोही जादूची किंवा सामानाची यादी उघडली तरच घड्याळ थांबवतो. आई म्हणाली, “मी विचार करतेय तोवर मला मारतंय, हा कसला खेळ?” आणि चष्मा काढून ठेवला.

‘टेन’मध्ये ती पट्टी नाही. २००१ साली हा खेळ आला तेव्हा लढाईची बाजू तोशिरो त्सुचिदा यांच्याकडे होती, आणि त्यांनी मालिकेतलं दहा वर्षांचं घड्याळ काढून टाकलं. पडद्याच्या उजव्या बाजूला चेहऱ्यांची उभी रांग असते: आता कोण, मग कोण, मग कोण. तुमची पाळी आली की सगळं जग थांबतं. उठून कुकर बंद करून या, तसंच थांबलेलं असतं.

आईला रांग दाखवली. ती म्हणाली, “म्हणजे उतारी कोणाची ते आधीच कळतं.” बस, जमलं. बाबा गेल्यापासून मेंढीकोटाला चौथा भिडू मिळत नाही. पत्त्यांचं डोकं नुसतं पडून होतं.

रविवार, ९ जून

नायकाचं नाव बदलता येतं. मूळ नाव टीडस, ओकिनावाच्या बोलीतल्या सूर्याच्या शब्दावरून. आईनं ‘बंड्या’ ठेवलं. इंग्रजी अक्षरांतच टाकावं लागलं.

मालिकेतल्या मुख्य खेळांत बोलके संवाद पहिल्यांदा याच खेळात आले. पण नाव खेळणारा बदलू शकतो, म्हणून ध्वनिमुद्रणात त्याला कोणीच नावानं हाक मारत नाही. ‘अरे’, ‘तू’, ‘हा’, ‘तो’ यांवर अख्खी गोष्ट निभावून नेली आहे. आईच्या ते अर्ध्या तासात लक्षात आलं. “नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही तसं चाललंय सगळ्यांचं.”

बटणांची नावं ठरली: फुली, गोळा, त्रिकोण, चौकोन. इंग्रजी नावं तिला येतात, पण फुली-गोळा आयतं तयारच होतं.

पहिल्याच दिवशी मोठी अडचण समजली. गावातली फुटकळ माणसं बोलतात ते संवाद बटण दाबेपर्यंत थांबतात. आवाजाचे प्रसंग मात्र थांबत नाहीत, ते आपापले पुढे जातात. मी एक वाक्य मराठीत जुळवते तोवर पडद्यावर तिसरं चालू असतं. म्हणजे मला वाटलं होतं त्याच्या बरोब्बर उलटं झालं: लढाई आईसाठी थांबते, गोष्ट माझ्यासाठी थांबत नाही.

मंगळवार, ११ जून

उपाय: दुसरं सेव्ह. आई झोपली की मी एकटी पुढचा टप्पा खेळते, महत्त्वाचे संवाद वहीत मराठीत लिहून काढते, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर तोच टप्पा करताना वहीतून वाचते. शाळेत नाटकाला पडद्याआडून वाक्यं पुरवायचं काम माझ्याकडे असायचं, तसंच हे. फक्त इथे नट माझी वाट बघत नाहीत.

शनिवार, १५ जून

बंड्या एका जहाजावर सापडतो. तिथले लोक अल भेड बोलतात. ही भाषा म्हणजे प्रत्यक्षात इंग्रजीच, अक्षरं अदलाबदल केलेली: ‘ए’च्या जागी ‘वाय’, ‘बी’च्या जागी ‘पी’, ‘सी’च्या जागी ‘एल’. करणाऱ्यानं डोकं लावलंय, कारण स्वरांच्या जागी स्वरच येतात, त्यामुळे उच्चारता येते. जगभर विखुरलेली २६ पुस्तकं सापडत गेली की एकेक अक्षर उलगडत जातं.

हे मराठीत कसं आणायचं यावर मी दोन रात्री घालवल्या. शेवटी ठरवलं, च ची भाषा. पहिलं अक्षर शेवटी न्यायचं, पुढे च लावायचा. जहाजावरची माणसं ओरडायला लागली तशी मी वाचलं: “चलूबो चकोन!”

आईनं माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, “चतू चकोन चलूबो.” पुढची दहा मिनिटं ती माझ्याहून वेगानं च ची भाषा बोलत होती. परकरात असताना ती आणि तिच्या बहिणी न्हाणीघरामागे हेच बोलायच्या म्हणे, आजीला कळू नये म्हणून.

प्रयोग म्हणून हा सपशेल फसला. या प्रसंगात नायकाला काही कळत नाही, म्हणून आपल्यालाही कळू नये, हीच तर गंमत आहे. इथे आईला सगळं कळत होतं आणि बंड्याच तेवढा बावळटासारखा उभा. पण बदलत नाही. जहाजावरच्या रिक्कू नावाच्या मुलीला आई आता ‘चक्कूरि’ म्हणते.

शनिवार, २२ जून

बेसाइड बेट. नारळ, वाळू, समुद्राला लागून देऊळ. “हे आपल्याकडचंच की.” मासळी कुठे वाळत घातलेली दिसत नाही, हे मात्र तिला खटकलं.

इथे यूना भेटली आणि शब्दांची खरी कामं निघाली. यूना ‘समनर’: देवळादेवळांत जाऊन प्रार्थना करते, त्या त्या ठिकाणचं दैवत तिला प्रसन्न होतं, मग लढाईत ती त्याला बोलावते. आईचा शब्द ‘आवाहन’. पूजेतला असल्यामुळे बिनतक्रार बसला. तिच्याबरोबर चालणारे ‘गार्डियन’ झाले राखणदार. हा शब्द मी वहीत लिहिलाच नव्हता. मी ‘संरक्षक’ म्हणाले, आईनं दुरुस्त केलं. गुहागरच्या बाईला राखणदार कोण ते शिकवायला नको.

पहिलं दैवत वालेफोर, मोठा रंगीत पक्षी. दैवतांची नावंही बदलता येतात. तो झाला ‘राघू’.

‘सिन’ अडकला. हे एक डोंगराएवढं जलचर आहे, जे दर काही काळानं येऊन गावंच्या गावं पुसून टाकतं. धर्मगुरू सांगतात, माणसांनी यंत्रं वापरली त्याची ही शिक्षा. म्हणजे ‘पाप’ हा अर्थ सोडता येत नाही. मी ‘पाप’ म्हटलं. आई म्हणाली, “पापाला शेपूट असतं?” दोन दिवस मी ‘पाप’ म्हणत राहिले, ती ‘ते धूड’ म्हणत राहिली. आता वहीतही ‘धूड’च आहे, आणि धर्मगुरू बोलतात तेव्हा फक्त ‘पाप’. विचार केला तर हेच बरोबर आहे. लोकांसाठी ते धूड, मठासाठी पाप.

रविवार, २३ जून

किलिका. धूड येऊन गेलं, पाण्यावरचं लाकडी गाव वाहून गेलं. संध्याकाळी यूना पाण्यावर उभी राहून नाचते आणि बुडालेल्यांचे आत्मे काजव्यांसारखे वर जातात. याला खेळात ‘सेंडिंग’ म्हणतात. असं कोणी पाठवलं नाही तर मेलेले जिवंतांवर जळत राहतात आणि त्यांची भुतं होतात. आपण वाटेत मारतो ती हीच भुतं.

वहीत मी ‘पाठवणी’ लिहिलं होतं. वाचताना फार बरं वाटत होतं मला त्या शब्दाचं.

“पाठवणी लग्नात करतात,” आई म्हणाली. मग थोडं थांबून, “असू दे. रडतात तर सारखंच.”

मग मी सांगितलं की काही जण मेल्यावरही जात नाहीत, इच्छा अडकलेली असते, ते माणसासारखेच हिंडत राहतात. इंग्रजीत त्यांना ‘अनसेंट’ म्हणतात. यासाठी माझ्याकडे शब्द नव्हता, वहीत प्रश्नचिन्ह होतं.

आई सहज म्हणाली, “कावळा शिवलेला नाही त्यांना.”

बाबांच्या दहाव्याला पिंड मीच ठेवला होता. एक तास कावळा आला नाही. झाडावर चार बसले होते, खाली एकही उतरेना. एकेकानं जाऊन काही काही कबूल केलं: घराचं कर्ज फेडू, गावच्या घराचं छप्पर करू. शेवटी काकांनी “वहिनीची काळजी करू नकोस” म्हटलं आणि मग तो आला. आई तेव्हा घरी होती. तिला हे मी नंतर सांगितलं होतं.

शब्द वहीत लिहून घेतला. आजचं काम इथेच थांबवलं.

शनिवार, २९ जून

लुका शहर, पाण्यातला चेंडूचा खेळ. आई कंटाळली, मीही. सामना हरलो. हरलं तरी गोष्ट पुढे सरकते, तशी सरकली.

याच गावात बंड्या आणि यूना मुद्दाम खोटं खोटं हसतात, तो प्रसंग. या हसण्याची जगभर इतकी वर्षं टिंगल झाली आहे की मी आईला आधीच सांगून ठेवलं, अभिनय वाईट आहे. तिनं बघितलं आणि म्हणाली, “वाईट कुठाय? रडू दाबलं की माणूस असाच हसतो.” टिंगल करणाऱ्यांत मीही होते.

रविवार, ३० जून

लढाईबद्दल लिहायचं राहून जातंय, आणि खरा वेळ तर तिथेच जातो.

पात्रं सात, मैदानात एका वेळी तीन. पण एल वन बटणानं मधेच कोणालाही आत घेता येतं, आणि त्यात पाळी फुकट जात नाही. उडणाऱ्यांना वाक्काचा चेंडू, चिलखतवाल्यांना ऑरनची तलवार, लिबलिबीत गोळ्यांना लूलूची जादू, पळणाऱ्या लांडग्यांना बंड्या. आईनं हे दोन लढायांत पकडलं. ती आज्ञेवर नुसतं बोट आणून ठेवते आणि उजवीकडची रांग कशी हलते ते बघते. बोट ठेवताच रांग नवी मांडून दिसते, हे तिनं स्वतः शोधलं. मी हा खेळ कॉलेजात पूर्ण केला होता आणि माझ्या ते कधी नीट लक्षात आलं नव्हतं.

लढून जे गुण मिळतात ते फक्त ज्यानं त्या लढाईत काहीतरी केलं त्यालाच. हे कळल्यापासून आई प्रत्येक लढाईत झाडून सगळ्यांना आत आणते. शत्रूचा एकच शेवटचा लांडगा उरलेला असतो, त्याला मारत नाही. एकेकाला बोलावते, एखादा नुसता बचावाचा पवित्रा घेतो आणि परत जातो. मग शेवटी मारते. मी वैतागले. दोन मिनिटांची लढाई आठ मिनिटं चालते.

“सगळ्यांच्या पानात पडलं पाहिजे,” ती म्हणाली. “राहिलेला बोलत नाही, पण लक्षात ठेवतो.”

मिळालेले गुण खर्च करायचा एक मोठा पट आहे, स्फिअर ग्रिड. घरं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. “ठिपक्यांची रांगोळी.” चष्मा लावून ती पटावर पुढची वाट शोधत बसते, तेव्हा मी भाजी निवडते. कामांची अशी वाटणी आमच्याकडे पहिल्यांदाच झाली असेल.

शनिवार, ६ जुलै

लाइट गेली. मिहेनची मोहीम चालू होती. धर्मसेनेतली माणसं आणि अल भेड एकत्र येऊन तोफांनी धुडावर हल्ला करतात आणि किनाऱ्यावर प्रेतांचा खच पडतो. त्यानंतर सेव्ह करायच्या गोळ्यापर्यंत पोचायच्या आतच अंधार. पाऊण तासाचं काम गेलं. इन्व्हर्टरवर टीव्ही नाही, त्यामुळे मेणबत्तीत वहीतूनच पुढचं थोडं वाचून दाखवलं. खेळाशिवाय नुसती वही अगदीच बेचव लागते, हे या निमित्तानं समजलं.

शनिवार, १३ जुलै

ग्वाडोसालाम. जमिनीखालचं गाव, तिथून मेलेल्यांच्या लोकात जाणारी वाट. आत गेलं आणि आपल्या गेलेल्या माणसाची आठवण काढली की ते माणूस समोर उभं राहतं. बोलत नाही, नुसतं उभं. रिक्कू आत जात नाही. तिचं म्हणणं, ते खरं माणूस नव्हे, आपलीच आठवण.

आईनं कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि दूध बघायला गेली. दूध फ्रीजमध्ये होतं. परत आल्यावर म्हणाली, “चक्कूरिचं बरोबर आहे. पुढे चल.”

बाहेर पडताना आतून एक मेलेला सरदार ओढत बाहेर येऊ बघतो, यूना त्याची पाठवणी करते, आणि त्याच वेळी ऑरन गुडघ्यावर बसतो. पहिल्यांदा खेळले तेव्हा मी याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

“याला काय झालं?”

मी म्हटलं, बघू पुढे.

“यालाही कावळा शिवलेला नाही,” आई म्हणाली. खेळ हे उघड करतो ते अजून किती तरी तासांनी. मी चेहरा सरळ ठेवला, पण तिनं तो वाचला असणार. मेंढीकोटातही माझ्याकडे हुकूम आहे की नाही ते तिला माझ्या भुवयांवरून कळायचं.

बुधवार, १७ जुलै

आषाढी. सकाळपासून टीव्हीवर पंढरपूर. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन खेळायला बसलो.

यूना देवळामागून देऊळ करत झानार्कंडला निघाली आहे. तिच्या या प्रवासाला मी पहिल्या दिवसापासून ‘वारी’ म्हणत आले. पायी चालायचं, वाटेत मुक्काम, लोक जेवायला घालतात, पाया पडतात. माझ्या मते बिनचूक शब्द होता. आज आईनं तो काढून टाकायला लावला.

“वारी कशी ही? वारकरी परत येतो. दर वर्षी जातो म्हणून तर वारी.”

मी म्हटलं, मग काय म्हणू?

“काशीयात्रा. पूर्वी काशीला जायचे ते घरच्यांना सगळं सांगून, देणंघेणं मिटवून जायचे. परत येईल याचा भरवसा नाही. ही पोर सगळ्यांचा असाच निरोप घेत चाललीय. बेसाइडला त्या म्हाताऱ्या कशा बघत होत्या तिच्याकडे, बघितलंस ना?”

गोष्टीतलं सगळ्यात मोठं गुपित हेच आहे. धुडाला हरवणारी शेवटची शक्ती वापरली की ती बोलावणाराही मरतो. यूनाला माहीत आहे, बाकी सगळ्यांना माहीत आहे, एकट्या बंड्याला माहीत नाही. आणि खेळणाऱ्यालाही नसतं.

वहीतली सगळी ‘वारी’ खोडून ‘यात्रा’ केली. एकूण ४१ ठिकाणी.

शनिवार, २० जुलै

काल या खेळाला २३ वर्षं झाली, १९ जुलै २००१ ला जपानमध्ये आला होता. आईला सांगितलं. “म्हणजे तुझ्या मुंजीएवढा,” असं काहीतरी म्हणाली. माझी मुंज कधी झाली, विचारलं तर हसत सुटली.

मकालानियाच्या देवळातलं दैवत बर्फाची देवी आहे आणि तिचं नाव शिवा. निळी बाई, अंगावर फारसं काही नाही. आई बराच वेळ गप्प. मग, “शंकराचं नाव बाईला कोणी दिलं?” मी म्हटलं, जपान्यांनी, या मालिकेत पूर्वीपासून आहे. “त्यांना काय माहीत. पण कैलासावर बर्फ असतं, तेवढं बरोबर घेतलंन.” या दैवताचं नाव बदलायला तिनं ठाम नकार दिला.

ज्या माणसांनी स्वतःला दगडात कोंडून घेऊन ही दैवतं घडवली, त्यांना खेळात ‘फेथ’ म्हणतात. आईनं ‘समाधी’ सुचवलं. चालतंय, पण मन पूर्ण मानत नाही. समाधी आपल्या इच्छेनं आणि तृप्त होऊन घेतात. ही माणसं थकलेली आहेत, सुटायला बघतायत. शब्द ठेवला, कडेला पेन्सिलीनं शंका लिहून ठेवली.

शनिवार, ३ ऑगस्ट

अल भेडांच्या वस्तीत बंड्याला गुपित कळलं. तो कोसळला. आई वाटाणे सोलत होती. “आत्ता कळलं होय त्याला,” एवढंच.

बेवेलमधलं लग्न, हवाई जहाज, कैद. खालच्या भुयारात एक मेलेला ड्रॅगन येतो. मेलेल्यावर औषध उलटं चालतं: जिवंत करायचं फिनिक्स डाउन मारलं तर तो कोसळतो. मी सांगणार नव्हते. आईनं बरं करायचं औषध चुकून त्याच्यावर टाकलं, त्याला जखम झाली. मग तिनं चुकून नव्हे, ठरवून फिनिक्स डाउन टाकलं. दोनांत गारद. दिवसभर खूश होती.

शनिवार, १७ ऑगस्ट

गागाझेट डोंगरावरचा सीमोर, मेल्यावरही परत परत लढायला येणारा खलनायक. दोनदा हरलो. नोंद करण्यासारखं एवढंच की दुसऱ्या हारीनंतर आई शेजारच्या काकूंशी फोनवर बोलताना “तो मेला परत उभा राहतो” म्हणत होती, आणि काकूंना वाटलं मालिकेबद्दल बोलतेय.

रविवार, १८ ऑगस्ट ते शनिवार, २४ ऑगस्ट

झानार्कंड. या आठवड्याच्या नोंदी एकत्र लिहितेय, कारण आठवडाभर एकच काम चाललं होतं.

यूनालेस्का ही हजार वर्षांपूर्वी धुडाला पहिल्यांदा हरवणारी बाई. कावळा न शिवलेल्यांची आजीच म्हणायची. ती सांगते की तुमच्यातला एक निवडा, त्याला शेवटचं दैवत करते. ते दैवत धुडाला मारतं, आणि मग स्वतःच पुढचं धूड होतं. म्हणजे यात्रेला शेवटच नाही. मधली काही वर्षं शांतता, तेवढ्यासाठी एकेक पोर मरायची. यूना नाही म्हणते. मग लढाई.

तिची तीन रूपं. दुसऱ्या रूपात ती आपल्या माणसांना चावून अर्धमेलं करते, झाँबी. अशा माणसाला बरं करायला गेलं की उलट मार बसतो, म्हणून शहाणा माणूस आधी होली वॉटर टाकून ते काढतो. आईनंही काढलं. तिसरं रूप आल्या आल्या एक मंत्र टाकतं, आणि जो धडधाकट आहे तो जागीच मरतो. तिघंही धडधाकट. खेळ संपला.

पराभवानंतर सेव्हच्या गोळ्यापासून पुन्हा सुरुवात, आणि मधला सगळा प्रसंग पुन्हा. तो पुढे ढकलता येत नाही. खेळणाऱ्यांनी या खेळाला सगळ्यात जास्त शिव्या यासाठी दिल्या असतील.

दुसऱ्या वेळी मी वही पुन्हा वाचली. आईनं मधेच अडवलं: “‘खोटी आशा मला नको’ असं कोणी बोलत नाही. तिला राग आलाय ना?” लढाईत सगळ्यांना अर्धमेलं ठेवलं, पण सवयीनं एकाला बरं करायचा मंत्र टाकला आणि आपलंच माणूस आपल्याच हातानं मारलं. हरलो.

तिसऱ्या वेळी वही बाजूला ठेवून बोलले. वाक्यं लहान झाली. हरलो, थोडक्यात.

चौथ्या वेळी यूनाची वाक्यं आईच म्हणाली. मी यूनालेस्का झाले. इंग्रजी आवाज अगदी बारीक केला होता. यूना नकार देते तिथे आई म्हणाली, “माझ्या वडिलांना फसवलंत. मला नाही फसवू शकणार.” मूळ संवादात हे असं नाही. मी दुरुस्त केलं नाही.

लढाईत तिनं रांगेवर बोट ठेवून मोजलं: हिची पाळी चौथी, तोवर माझ्या तीन. दोघांना अर्धमेलं राहू दिलं, एकालाच नीट केलं. मंत्र आला. नीट होता तो पडला, दोघं उभे. पडलेल्याला फिनिक्स डाउननं उठवलं आणि बंड्याच्या हेस्टनं, म्हणजे वेग वाढवणाऱ्या मंत्रानं, त्याला रांगेत वर ओढलं. पाऊण तास चाललं. यूनालेस्का काजवे होऊन विरली तेव्हा आईनं कंट्रोलर मांडीवर ठेवून दोन्ही अंगठे चोळले.

“सुंठ लावते,” म्हणाली.

शनिवार, ३१ ऑगस्ट

शेवटची लढाई. धुडाच्या पोटात बंड्याचा बाप, जेक्ट. त्याचा राग एका पट्टीत साठत जातो, भरला की सगळ्यांना झोडपतो. बंड्याला मात्र एक जास्तीची आज्ञा मिळते, ‘टॉक’. ती वापरली की पट्टी शून्यावर येते. फक्त दोनदा.

आईनं पहिल्याच पाळीला वापरली. मी म्हटलं, फुकट घालवलीस, पट्टी भरत आल्यावर वापरायची. “बापाशी बोलायचं ते काय त्याचा पारा चढल्यावर?” दुसरी मात्र वेळेवर वापरली.

त्यानंतर आपलीच दैवतं एकेक करून आपल्याला मारावी लागतात. इथे हरताच येत नाही, पडलेलं माणूस आपोआप उठतं. राघूची पाळी आली तेव्हा आईनं कंट्रोलर मला दिला.

रविवार, १ सप्टेंबर

शेवट आजसाठी राखून ठेवला होता. ऑरनची पाठवणी झाली. आई म्हणाली, “शिवला.”

बंड्या समाधीतल्या लोकांचं स्वप्न होता, ते सुटले की तोही नाहीसा होणार. यूना त्याच्याकडे धावते आणि त्याच्या आरपार जाऊन पडते. उठते, आणि त्याला पाठमोरी राहून एक वाक्य बोलते. जपानी मूळात ते ‘आरिगातो’ आहे, म्हणजे धन्यवाद. इंग्रजीत त्याचं ‘आय लव्ह यू’ केलं. वहीत ही एक ओळ मी जूनपासून रिकामी ठेवली होती. आमच्या घरात दोन्ही वाक्यं कोणी कधी म्हटलेली नाहीत. ‘आभारी आहे’ म्हटलं तर सोसायटीच्या मीटिंगसारखं वाटतं. दुसरं मराठीत म्हणायला गेलं की सिनेमा होतो.

प्रसंग आला. मी गप्प बसले. यूनाचे ओठ हलले.

“जपून जा हं,” आई म्हणाली. पडद्याकडे बघून, अगदी हळू.

ओळ भरली. वही पूर्ण झाली, शेवटची तीन पानं कोरी.

नामावली सरकत होती तोवर आई बॅग भरायला उठली, परवा पहाटेची गाडी आहे. जाता जाता विचारलं, “पुढे काय झालं त्या पोरीचं?” त्याच डिस्कवर दुसरा भाग आहे, म्हणून लावून दाखवला. सुरुवातच यूनाच्या गाण्यानं होते, झगमगत्या रंगमंचावर. आई हातात घडी घातलेलं लुगडं घेऊन उभी.

“ही तीच? अगं, हिचे कपडे कुठे गेले?”

मग पाच मिनिटं बघून, “आल्यावर बघू. वही नवी आण.”

दुसऱ्या भागात लढाईची ती भरणारी पट्टी परत आणली आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.